लहानूआप्पाचं ओरिजिनल झाकण

या, बसा. त्या बाकड्यावर नको, त्याचा एक पाय नुसता नावाला आहे. इकडं बसा. लग्नासाठी लहानूआप्पाची मॉरिस गाडी ठरवायला आलात ना? मला गाडीच्या आवाजावरूनच कळलं. मखमलाबादेत कुणी फियाट घेऊन आलं, की ते एकतर गुलाबासाठी येतं, नाहीतर मॉरिससाठी. आप्पा फुलं घेऊन मार्केटला गेलाय, येईल आता. तुमची फियाट मात्र वळणावर खोकत होती. काय म्हणता, परवाच डेल्कोचं झाकण बदललं? कुठून घेतलं? सातपूरहून? हं. बरं, बरं. चहा सांगितलाय, तोवर एक गोष्ट ऐका. मॉरिस बघायच्या आधी ही गोष्ट ऐकलेली बरी. का ते मग सांगतो.

गोष्ट पंच्याण्णव-शहाण्णवची. ही मॉरिस देवळालीच्या एका म्हाताऱ्या पारशी डॉक्टरची. डॉक्टर पोराकडं परदेशात गेला आणि जाताना गाडी आप्पाला देऊन गेला, कारण आप्पा त्याला वर्षानुवर्षं रोज सकाळी ताजा गुलाब पोचवायचा. जाताना डॉक्टर एवढंच म्हणाला, "लहानू, हिच्यात सगळा ओरिजिनल माल हाय. सांभाळ." झालं. तिथून आप्पाच्या डोक्यात ओरिजिनल घुसलं ते घुसलंच.

हॉर्न वाजत नव्हता. "बदला की आप्पा," कुणी म्हणालं तर आप्पा म्हणायचा, "नाय वाजत, पण ओरिजिनल नाय वाजत." मागच्या दाराची काच अर्ध्यात अडकलेली. पावसाळ्यात मागं बसणारा अर्धा भिजायचा. आप्पा म्हणायचा, "इंग्लंडात पाऊस असाच पडतो."

पण आप्पाचा खरा जीव होता डेल्कोच्या झाकणावर. तुमच्या गाडीत आहे, तेच. इंजिनातला करंट चारही प्लगांना वाटून देणारी डबी असते, तिचं हे काळं झाकण. वाटीएवढं. वर पाच भोकं, मधे एक आणि भोवती चार, त्यांत वायरी खुपसायच्या. ते झाकण आप्पानं मलमलच्या फडक्यात गुंडाळून, कपाटात, नवसाबाईच्या पैठणीशेजारी ठेवलं होतं. रोजच्या वापराला यादव मेकॅनिकनं कुठूनसं एक नवं डुप्लिकेट आणून बसवलं होतं. ओरिजिनल लागायचं ते फक्त लग्नाकार्याला आणि दसऱ्याच्या पूजेला.

नवसाबाई, म्हणजे आप्पाची बायको, एकदा म्हणाली, "तीस वर्सं झाले लग्नाला, मला कधी असं मलमलीत नाय ठेवलं."

आप्पा म्हणाला, "तू कुठं इंग्लंडहून आली?"

त्या वर्षी दसऱ्याला नवसाबाईनं पूजेसाठी दोन्ही झाकणं पाटावर काढली. कुदळ, विळा, फवारणीचा पंप, सगळं ती राखेनं घासत होती, त्या झपाट्यात एक झाकणपण घासलं आणि वर खोबरेल तेलाचा हात फिरवला. दुसऱ्याला हात घालणार तेवढ्यात आप्पा किंचाळला, "अगं, तांब्या हाय का तो?" ती रागानं उठली. तेवढीच गोष्ट. ध्यानात असू द्या.

पुढं उन्हाळ्यात आप्पाच्या दीपमालाचं लग्न ठरलं. पोरगा रविराज, सातपूरच्या गेणूशेठचा. आणि गेणूशेठचा धंदा काय, तर गाड्यांचे पार्ट विकायचा! कोणत्याही गाडीचा कोणताही पार्ट मागा, गेणूशेठ म्हणणार, "ओरिजिनल नाय, पण त्याच्या वरचढ हाय." माणूस अंगानं भारदस्त, मनानं सरळ. दुकानात एक सवय मात्र होती. लोक दुसरीकडचा फुटका माल आणून "तुमच्याकडचाच हाय" म्हणून बदलून मागायचे. म्हणून गेणूशेठ विकायच्या आधी प्रत्येक पार्टावर तापल्या सुईनं एक बारीक खूण ओढून ठेवायचा. त्याची त्यालाच ओळखू येईल एवढी.

साखरपुड्यातच दोघा व्याह्यांची जुंपली. जिलेबी पानात पडते न पडते तो गेणूशेठ म्हणाला, "आप्पा, मॉरिसला माझ्याकडचा सगळा सेट घाला. व्याह्याला भेट."

आप्पानं जिलेबी खाली ठेवली. "माझ्या गाडीत डुप्लिकेट?"

"आता काय घालून चालवता?"

"रोजचं येगळं. रोज मी फाटकी बनियन घालतो, ती घालून लग्नात उभा राहू का?"

"जुना माल ऐन वेळेला दगा देतो, आप्पा."

"नवा माल येळ व्हायच्या आधीच देतो, शेठ."

बायका हसल्या, गेणूशेठचे कान लाल झाले. शेवटी पैज लागली. नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मॉरिसमधून आणायचं, तेही ओरिजिनल झाकणावर आणि गोरजमुहूर्ताच्या आत. गाडी वेळेत पोचली तर गेणूशेठनं सगळ्या मांडवासमोर माईकवर म्हणायचं, "ओरिजिनल ते ओरिजिनल, मी डुप्लिकेट." नाही पोचली तर आप्पानं म्हणायचं, "मी डुप्लिकेट." दीपमाला आतून म्हणाली, "माझं लग्न हाय का मोटारीचं?" पण तिला विचारतंय कोण.

लग्नाच्या दिवशी मॉरिस दुपारीच मारुतीच्या देवळासमोर नेऊन लावली. फुलवाल्याच्या पोरीचं लग्न, त्यामुळं गाडीला एवढे गुलाब लावले की चाकं तेवढी दिसत होती. ड्रायव्हरला पुढचं दिसावं म्हणून काचेवर ताटलीएवढं भोक ठेवलेलं. आम्ही बँडवाले देवळाच्या पायरीवर बसलो होतो. मी तेव्हा क्लॅरनेट वाजवायचो, म्हणून तिथलं सगळं डोळ्यानं पाहिलंय, घरातलं मागाहून नवसाबाईकडून ऐकलं.

गेणूशेठची माणसं जमली तशी आप्पाला जोर चढला. त्यानं यादवला बॉनेट उघडायला लावलं, रोजचं झाकण वायरींतून उपटून काढलं, देवळासमोरच्या दगडावर ठेवलं आणि वर दुसरा दगड हाणला. ठाक! तुकडे उडाले.

"हे तुमचं डुप्लिकेट," आप्पा म्हणाला. "आता मागं फिरायला वाट नाय. ओरिजिनल आणतो."

यादव हळूच म्हणाला, "आप्पा, राहू द्यायचं होतं. अडीअडचणीला..."

"अडचण डुप्लिकेटला येती."

गेणूशेठ धंदेवाला माणूस, त्यानं सवयीनं वाकून एक तुकडा उचलला, डोळ्याजवळ नेला, उलटासुलटा केला, परत एकदा पाहिला आणि खिशात टाकला. मला तेव्हा वाटलं, बिचारा दुखावला.

आप्पा घरी गेला. फडक्यातून झाकण काढलं. चांगलंच मेणचटलेलं होतं. "जुनी वस्तू अशीच असती," म्हणाला आणि पेट्रोलच्या बोळ्यानं स्वच्छ पुसलं. सुकायला म्हणून देव्हाऱ्यापुढच्या पाटावर पालथं ठेवलं, पाच भोकं वर. तेवढ्यात मागून आरोळी आली, आचाऱ्यानं मठ्ठ्यात साखर समजून सोडा घातला. आप्पा धावला.

आता लग्नघरात एक वस्तू हमखास हरवती, ती म्हणजे पंचपाळं. हळदीकुंकवाचं, पाच वाट्यांचं. आप्पाची बहीण फुलाबाई ते शोधत घरभर फिरत होती. आधीच तिची नजर कमी, त्यात चष्मा ठेवला होता पेटीत, कारण फोटोत चष्मा नको. देव्हाऱ्यापुढं आली. बघती तर पाटावर काळं, गोल, मधे एक भोक आणि भोवती चार.

"नवसावहिनी, हे काळं पंचपाळं कधी घेतलं?"

नवसाबाई आतून म्हणाली, "कुणी आहेरात दिलं असंल."

"भोकं लय बारीक हाय गं."

"आजकालच्या वस्तू अशाच. भरा पटकन, बाया खोळंबल्या."

फुलाबाईनं भरलं. एकात हळद, एकात कुंकू, एकात बुक्का, एकात गुलाल आणि मधल्यात ठासून अक्षता. भोकात बोट जाईना, म्हणून तिनं ओल्या करंगळीनं कुंकू काढलं आणि करंगळी दर वेळेला झाकणाच्या बाजूला पुसली. अशी शंभरेक सवाशिणींना डेल्कोनं हळदीकुंकू मिळालं. एक सातपूरकडची पाव्हणी तर म्हणाली, "किती सुबक हाय हो, आमच्या ह्यांच्या दुकानात असंच दिसतं काहीतरी." ती गेणूशेठची बायको लंकाबाई. तिलापण संशय आला नाही.

आप्पा मठ्ठा निस्तरून आला. पाट रिकामा.

पहिल्यांदा त्यानं पाटाखाली पाहिलं. मग देव्हाऱ्यात. मग देवांच्या मागं. मग बाहेर येऊन लाडवांच्या टोपलीत हात घातला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की दुसरं झाकण आपण स्वतःच्या हातानं, सगळ्या गावासमोर, दगडानं फोडलंय.

इकडं देवळासमोर रविराज फेटा, मुंडावळ्या बांधून मॉरिसमध्ये बसला. आम्ही वाजवायला लागलो. एक गाणं झालं, गाडी हलेना. दुसरं झालं. गेणूशेठ म्हणाला, "वाजवा, वाजवा." आम्हाला लग्नाची येत होती तेवढी सगळी वाजवून झाली, मग गणपतीची वाजवली, मग ड्रमवाल्यानं पंधरा ऑगस्टचं धरलं. माझे ओठ वड्यासारखे सुजले. आत गुलाबांच्या उबेत नवरदेव घामानं निथळत होता. बाहेर आला तर पैज मोडली म्हणतील, म्हणून बाहेरपण येईना.

यादव पळत आप्पाकडं आला. "आप्पा, झाकण?"

"आणतो म्हणून सांग."

"कुठं हाय?"

"ते कळलं असतं तर आणलं नसतं का, गाढवा!" मग आप्पा आवाज खाली करून म्हणाला, "यादव, गेणूशेठनंच उचललं. मघाशी वाकून काहीतरी खिशात टाकलं, मी पाहिलं."

"आप्पा, तो फुटका तुकडा होता. आणि तुम्ही तेव्हा ओरिजिनल घरातून काढलंपण नव्हतं."

"तरीपण!"

सूर्य मावळतीकडं कलला. रस्त्यावर धूळ दिसायला लागली. सावळीराम गुराखी गायी घेऊन येत होता. आता गोरजमुहूर्त म्हणजे गायी घरी येतात, त्यांच्या खुरांची धूळ उडती, ती वेळ. ते बघून आप्पाला वाटलं, पोरीचा मुहूर्त टळणार! तो तसाच, एका पायात चप्पल, आडवे हात करून रस्त्यात उभा राहिला.

"सावळ्या, गायी तिकडंच धर!"

"का हो आप्पा?"

"तुझ्या गायी घरी आल्या की मुहूर्त लागतो!"

"आप्पा, वासरं हंबरू राहिले. त्या काय माझं ऐकत्या का?"

"मग धूळ तरी उडवू देऊ नको त्यांना!"

सावळीराम भला माणूस. त्यानं गायींना सांगून पाहिलं. गायी आप्पाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून घरी गेल्या. एकीनं जाता जाता त्याच्या फेट्याचा तुरा खाल्ला. मांडवातून गुरुजी ओरडले, "अहो, मुहूर्त पंचांगावर असतो, गायींवर नाही! अजून थोडा वेळ आहे. पण नवरदेव आणा!"

आप्पा रस्त्याच्या कडेला मटकन बसला. डोळ्यांत पाणी. नवसाबाई बाहेर आली. म्हणाली, "उठा. एक वाक्य तर म्हणायचं. मी डुप्लिकेट म्हणायचं नि पोरीला पायी-पायी नवरा आणायचा. मला तुम्ही तसेच चालता."

आप्पा उठला. हार मानली त्यानं, खरंच मानली. आणि तो व्याह्याकडं निघाला म्हणून ओवाळायला फुलाबाई ताट घेऊन पुढं आली. "थांब दादा, असा बिनकुंकवाचा नको जाऊ." तिनं करंगळी ओली केली, पंचपाळ्याच्या भोकात घातली आणि आप्पाच्या कपाळाला लावली.

आप्पानं ताटात पाहिलं. मग फुलाबाईकडं पाहिलं. मग परत ताटात.

"फुले," तो म्हणाला, "हे काय हाय?"

"पंचपाळं. फार नाजूक काम हाय, दादा."

आप्पानं जी बोंब मारली ती आम्हाला देवळापर्यंत ऐकू आली. आम्हाला वाटलं लग्न लागलं, आम्ही जोरात वाजवायला लागलो. बघतो तर आप्पा झाकण छातीशी धरून धावत येतोय, मागं गुलालाचा लोट, त्याच्या मागं फुलाबाई, "अरे दादा, सवाशिणीचं कुंकू हाय, सांडू नको!" आणि तिच्या मागं वासरू चुकलेली एक गाय.

यादवनं झाकण घेतलं, आपटलं, फुंकलं. तो फुंकताना नवरदेव खिडकीतून डोकावत होता, तर हळद नवरदेवाला दुसऱ्यांदा लागली. भोकं फडक्यानं पुसली, पण अक्षता मधल्या भोकात घट्ट बसलेल्या. "राहू द्या," आप्पा ओरडला, "शुभ असत्या!" कशाबशा वायरी खुपसल्या. हँडल मारलं.

फट्! फाट! फटाक!

ओलं कुंकू आणि करंट, दोघांचं काही जमेना. सायलेन्सरमधून एकेक बार असा निघाला की वऱ्हाडी म्हणाले, वा, मुलीकडच्यांनी दारूकामपण ठेवलंय. गाडी निघाली, पण सरळ नाही. एक हिसका पुढं, एक श्वास, परत एक हिसका. दर हिसक्याला नवरदेवाची मान खाली जायची. रस्त्याच्या दुतर्फा उभ्या लोकांना वाटलं, पोरगा नमस्कार करतोय. म्हातारी माणसं गहिवरली. "शिकलेला हाय, पण किती नम्र!" लोक उलटे नमस्कार करायला लागले. रविराजला आजपण मखमलाबादेत संस्कारी जावई म्हणतात, ते त्या करंटामुळं.

मांडवाच्या दाराशी मॉरिसनं शेवटचा बार काढला आणि थांबली. गुरुजी अंतरपाट धरून उभेच होते. नवरदेव गुलाबी-पिवळा होऊन पाटावर चढला. मुहूर्त साधला.

टाळ्या थांबल्या तसा आप्पा बॉनेटकडं गेला. झाकण काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "हे बघा ओरिजिनल! हळद, कुंकू, गुलाल खाऊन..." आणि तो मधेच थांबला.

झाकणाच्या काळ्या कडेवर एक लालभडक त्रिशूळ उमटला होता. तीन टोकं, खाली दांडा. अगदी स्वच्छ.

"त्र्यंबकराजा!" आप्पा ओरडला. "अगं नवसा, हे बघ! मघाशी नव्हता! देवानं खूण दिली!"

फुलाबाई तिथंच आडवी झाली नमस्काराला. बायांनी रांग लावली. ड्रमवाल्यानं काठ्या खाली ठेवून हात जोडले.

गेणूशेठ गर्दीतून पुढं आला. वाकला. त्यानं त्रिशूळ पाहिला, आणि बराच वेळ पाहिला. मी त्याच्या शेजारीच होतो. त्याच्या घशातून एक आवाज आला, खोकला आणि हसू यांच्या मधला. कारण तापल्या सुईनं गेणूशेठ दुकानातल्या पार्टावर जी खूण ओढायचा ना, ती हीच. त्रिशूळ! पेट्रोलनं मळ निघाला, सुईच्या रेघा मोकळ्या झाल्या आणि फुलाबाईच्या ओल्या करंगळीनं त्यांत कुंकू भरलं. यादवनं कुठूनसं आणलेलं डुप्लिकेट ते हेच, गेणूशेठच्याच दुकानातलं.

आणि खिशात होता तो तुकडा. त्यावर जुनी इंग्लंडची अक्षरं होती. दसऱ्याला नवसाबाईनं घासून चकचकीत केलेलं झाकण, ते ओरिजिनल. तिनं रागाच्या भरात चकचकीत ते नवं समजून यादवच्या हातात दिलं आणि मळकं ते जुनं समजून मलमलीत गुंडाळलं. आप्पानं दगडानं फोडलं ते इंग्लंड!

म्हणजे पैज गेणूशेठनं जिंकली होती. त्याच्या डुप्लिकेटनं हळदीकुंकू पचवून मुहूर्त गाठला होता. पुरावा एक डोळ्यासमोर आणि एक खिशात. दुकानदाराला यापेक्षा मोठी जाहिरात कुठून मिळायची? त्यानं तोंड उघडलं. समोर आप्पा, कपाळाला कुंकू, फेट्याला तुरा नाही, गालावरून पाणी वाहतंय. पलीकडं दीपमाला नव्या नवऱ्याच्या कानातला गुलाल पदरानं पुसतीये.

गेणूशेठनं माईक हातात घेतला. "ओरिजिनल ते ओरिजिनल," तो म्हणाला. "मी डुप्लिकेट." आणि खाली बसून त्यानं मठ्ठा मागितला. सोड्याचा होता, तोपण प्याला.

पंगती उठल्यावर मांडवामागं त्यानं तो तुकडा नवसाबाईला आणि मला दाखवला. नवसाबाईनं पदर तोंडात कोंबला तो बराच वेळ काढला नाही. त्या दिवसापासून गेणूशेठनं दुकानात त्रिशूळ ओढायचं बंद केलं. आता नुसती फुली मारतो. पण आधीचा माल राहिला असंल की गोडाऊनला, तो विकतोच तो.

तर आता आप्पा येईल, तो बघा टेम्पो वळला. लग्नाला गाडी तो नक्की देईल. तुम्हाला झाकण दाखवील, तुम्ही चपला काढून नमस्कार करा. पण मग तो तुमच्या फियाटकडं वळंल, कारण जुनी गाडी दिसली की त्याला राहवत नाही. म्हणंल, "उघडा बॉनेट, बघू, माल ओरिजिनल हाय का." तुम्ही झाकण परवा सातपूरहून घेतलंय म्हणालात. मला त्या दुकानाचा भरवसा नाही. माझ्यासाठी एवढं करा, साहेब. चहा राहू द्या, आधी फियाटकडं जा, आणि आप्पा येईपर्यंत त्या बॉनेटवर बसून राहा.